इंजिनाच्या समाचाराला जाताना

आपल्या ओळखीचं एखादं वाफेचं इंजिन शेवटच्या आजारात आहे असं कानावर आलं, तरी घाई करू नका. ते धडधाकट होतं तेव्हा आपण फिरकलो नाही, आता आणखी चार दिवसांनी काय बिघडतंय? रविवार बघा. सकाळी बडोद्यातल्या प्रतापनगर स्टेशनाकडे जायचं, फोटो काढायचे, येताना सेवउसळ खायची, असा बेत आखला की दुःखही हलकं होतं आणि पेट्रोलही वसूल होतं. बडोद्याच्या माणसाला एवढं सांगायला नको, पण पाहुणे वाचत असतील.

निघण्याआधी आजार कोणता, तेवढं विचारून ठेवा. उत्तर बहुधा एकच असतं: बॉयलर. ‘बॉयलर गेलाय’ हे वाक्य कॅन्सरचं निदान सांगावं तसं आवाज खाली आणून म्हणायचं असतं. नेमकं काय गेलंय ते मात्र विचारू नका. विचारलंत, तर शेडमधला एखादा जुना मिस्त्री तुम्हाला फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, तोंडाशी वाकवेल आणि बॅटरीच्या उजेडात दाखवेल, की नळ्या जिथे पत्र्यात बसवल्यात तिथे कडेकडेने पांढरी खपली धरली आहे. पाणी झिरपतं, आगीवर वाळतं, क्षार तेवढे मागे राहतात. मग तो छोटी हातोडी काढेल आणि आतला पत्रा बाहेरच्या पत्र्याला बांधून ठेवणाऱ्या स्टे-बोल्टांवर एकेक टोला देत जाईल. टण्, टण्, टण्, थप्प. ‘थप्प’ बोलला तो तुटलेला. त्याच्यावर खडूची फुली. तुम्हाला वाटेल, आता हा डोळे पुसेल. तो म्हणतो, “हा बदलायचा.”

झालं! तुम्ही अंत्यदर्शनाला आलात आणि हा गृहस्थ सामानाची यादी सांगतोय. अशा माणसांपासून लांब उभे राहा, समाचाराचा सगळा रंग जातो.

कारण मिस्त्रीचं म्हणणं मान्य केलं तर अवघड प्रसंग येतो. नळ्या बदलता येतात, स्टे बदलता येतात, फायरबॉक्स नवा बसतो, वेळ पडली तर अख्खा बॉयलर नवा करता येतो. ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १८५५ साली लीड्समध्ये बनलं, १९०९ साली निवृत्त झालं आणि १९९७ साली, वयाच्या १४२ व्या वर्षी, पुन्हा दिल्लीहून अलवरला गाडी ओढू लागलं. हा दाखला जमलेल्या मंडळींत चुकूनही काढू नका. कुणीतरी विचारेल, “मग आपल्याचं का नाही करत?” आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

त्यापेक्षा सोपं उत्तर तयार ठेवा: “वय झालं हो.” या तीन शब्दांत फार माल मावतो. बोअरचं जड पाणी तसंच भरलं, वॉशआउट, म्हणजे बॉयलर आतून धुऊन काढणं, पुढच्या महिन्यावर ढकलला, नळ्यांची मागणी तीन टेबलं फिरून शेऱ्यासह परत आली, बॉयलरचा कारागीर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. वय म्हटलं की यातलं काहीच कुणाच्या अंगाला लागत नाही. शिवाय ‘कंडम’ असा शिक्का मारायला एक सही पुरते, दुरुस्तीला पंचवीस लागतात.

“इतकं अचानक कसं झालं?” असं मात्र म्हणू नका, हसं होईल. चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात १९७० साली ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन तयार झालं, त्याचं नावच ‘अंतिम सितारा’ ठेवलं होतं. ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफ थांबली १९९५ च्या डिसेंबरात. पंचवीस वर्षांची नोटीस फार कमी पेशंटांना मिळते.

भेटीत शांतता पसरली तर इतिहास काढा. बडोद्याकडे तो भरपूर आहे. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अडीच फुटी रेल्वे झाली. भारतातली ही पहिली नॅरोगेज, आणि तिच्यावर गाडी ओढायला बैल होते. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली, तरी हलक्या रुळांना इंजिनाचं वजन सोसेना, म्हणून बैलांची नोकरी शाबूत राहिली. जड रूळ पडल्यावर इंजिनाचा जम बसला. हे सांगताना ‘आपल्या गायकवाडांनी’ असा शब्द वापरा, छाती आपोआप पुढे येते. “मग बैलांच्या निरोपाला कोण कोण गेलं होतं?” असं तुमच्या मुलाने विचारलं, तर त्याला खारे दाणे घेऊन द्या.

आठवणही सांगावी लागेल. ठरलेली आठवण आहे: खिडकीतून डोकं बाहेर काढलं, डोळ्यात कोळशाचा कण गेला, आईने पदराचा बोळा करून त्यावर गरम फुंकर घालत डोळा शेकला. ज्यांचा जन्म डिझेलनंतरचा आहे त्यांच्याही डोळ्यात हा कण गेलेला असतो. लाजू नका.

निरोप समारंभ तुमच्याच गळ्यात पडला, तर प्रमुख पाहुण्यांची वेळ सांभाळा, इंजिनाची नको. थंड इंजिनाला वाफ धरायला कित्येक तास द्यावे लागतात, घाईने आग वाढवली की पत्रे कमीजास्त फुगतात आणि गळत्या नळ्या आणखी गळतात, वगैरे गोष्टी फायरमन सांगेल. पाहुणे साडेदहाला येणार असतील तर फावडं जोरात मारायला सांगा. नाहीतरी पेशंट जाणारच आहे. धूरही काळाकुट्ट हवा. चांगला फायरमन कोळसा थोडा थोडा पसरून टाकतो, आणि पुरेशी हवा मिळाली की काळा धूर फारसा येतच नाही. त्याच्या उभ्या जन्माची कमाई म्हणजे ती जवळपास स्वच्छ चिमणी. पण फोटोत ती दिसत नाही, तेव्हा त्याला सांगा, “काका, आजच्या दिवस जरा बिघडवा.”

या गडबडीत इंजिन स्वतःच बोलू लागलं तर गांगरू नका. शेवटची इच्छा असेल, निमूटपणे ऐकावी.

“बाळा, हार आणलास?”

“हो आजोबा, मोठा आणलाय. खास खंडेराव मार्केटातला.”

“त्याऐवजी नळ्या आणल्या असत्यास तर...”

“तुम्ही आता बोलायचं नाही. आराम करायचा.”

एवढं बोलून हार स्मोकबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या तोंडावरच्या, गोल दाराला नीट अडकवा आणि मागे व्हा. लांब शिट्टी वाजेल. त्या वेळी मोबाईल आडवा धरा.

पुढचे विधी ठरलेले आहेत. चौथरा, काळा रंग, चाकांना पांढरी कड, बागेतली दिवाळीची लायटिंग. चिमणीवर झाकण बसवायचं राहून जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत साचतं, तिकडे लक्ष देऊ नका. पितळी सामान लवकर नाहीसं होतं: आधी दाबाचं घड्याळ, मग शिट्टी. चौकशी झालीच तर पुन्हा वय सांगा.

हे सगळं फार जिवाला लागलं, तर उपाय आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी एकतानगर आणि अहमदाबादच्या दरम्यान एक हेरिटेज गाडी सुरू झाली. तिचं इंजिन थेट वाफेच्या इंजिनासारखं दिसतं आणि चालतं विजेवर. बॉयलरचं दुखणं नाही, वॉशआउट नाही, स्टेवर फुल्या मारणारा मिस्त्री नाही. पांढरा शर्ट घालून बसा, खिडकीतून डोकं बाहेर काढू नका, आणि कोळशाच्या कणाची आठवण शेजारच्याला अगदी निर्धास्तपणे सांगा.