मॅडमचा गैरसमज जपा, फार नाजूक असतो

पुण्यात जर्मन शिकायला निघालाय ना, मग पहिल्याच दिवशी ओळख करून देताना 'शाळा मराठी मीडियम' एवढंच सांगून टाका, पुढचं सगळं मॅडम बघून घेतील. त्या मान जराशी तिरकी करतील, आवाज एकदम मऊ, "अच्छा, मग जरा जड जाईल हं तुम्हाला, ग्रामर मी इंग्लिशमधूनच घेते." झालं. आता ए-वन, म्हणजे जर्मनची अगदी पहिली पायरी, कसंबसं काढणारे म्हणून तुमची नोंद झाली, मागच्या बाकावर जाऊन बसा, तिथे पंखा चांगला लागतो.

मग येतं देर, दी, दास, म्हणजे नामाच्या आधी लागणारे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी शब्द. टेबलाला कसलं आलंय जेंडर म्हणून पुढच्या बाकावरची फाडफाड इंग्लिशवाली मंडळी हवालदिल होतात, तुम्हीही तसंच तोंड करायचं, तो चमचा, ती सुरी, ते ताट हे आपण बोबडं बोलत होतो तेव्हापासून चालूय असलं काही चुकूनही दाखवायचं नाही. (जर्मनांची सुरी नपुंसकलिंगी आणि काटा स्त्रीलिंगी, तेवढी घोकंपट्टी आपल्यालाही चुकत नाही.) मुलीला 'दास मेडशन' म्हणतात म्हटल्यावर वर्ग खो खो हसतो. हसा. घरी आजी ताईला 'कुठं उलथलं ते कार्टं' म्हणते ते आठवलं तरी गप्प बसा.

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नका. मॅडम फळ्यावर 'दास बूख गेफेल्ट मिया' लिहून बाण काढत होत्या, की बघा, पुस्तक हा कर्ता आणि मी डेटिव्ह विभक्तीमध्ये, इंग्लिशमध्ये असं नसतं म्हणून हे अवघड आहे, अर्धा तास झाला तरी कुणाच्या डोक्यात शिरेना. मी हात वर केला. "मॅडम, हे आपलं 'मला पुस्तक आवडतं'च आहे ना?" वर्ग शांत. मॅडम म्हणाल्या, "प्लीज, मराठीतून विचार करायची सवय सोडा, आधी इंग्लिशमध्ये आणा, मग जर्मनमध्ये न्या." म्हणजे स्वारगेटहून डेक्कनला जायचं तर आधी लोणावळा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि कॉरिडॉरमधून स्वच्छ ऐकू आलं, "अगं पण मला नाही आवडत दुधी!"

'वाइल' (म्हणजे 'कारण') आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, त्यावर दोन तासिका जातील, आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच बसलेलं असतं, तुम्ही तेवढ्यात चहा पिऊन या.

असं करत करत वरच्या पायरीची, बी-वनची परीक्षा होईल. चार भाग, प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. निकालाच्या दिवशी मॅडम काळजीने विचारतील, "स्पीकिंगला सुटलात ना? किती?" तुम्ही अगदी जर्मन पद्धतीने, आधी एक मग ऐंशी, "एक्क्याऐंशी" म्हणा.

त्या क्षणभर हिशोब करतील. "म्हणजे... एटी-वन ना?"