कारणाच्या रकान्यातले चार शब्द

माझे मामा २००६ साली सतरा वर्षांची नोकरी संपवून फौजेतून गावी आले ते बीपीच्या गोळ्या घेऊनच. भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये एकदम फिट होते. रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे नोकरी सोडताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, कागद पत्र्याच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुकाखाली अकरा वर्षं पडून राहिला. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी तो माझ्या हातात दिला, "बघ रं, काय लिवलंय ह्यात."

अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. नोकरीमुळे झालं का? नाही. नोकरीमुळे वाढलं का? नाही. आणि कारणाच्या रकान्यात चार शब्द : ऑनसेट इन पीस स्टेशन. म्हणजे आजार सीमेवर नाही, शांततेच्या ठिकाणी सुरू झाला. मग तो नेमका कशामुळे झाला, यावर एक ओळसुद्धा नाही. त्या चार शब्दांमुळे मामांच्या पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा गेला.

हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात निकाली काढला आहे. हा सिग्नल्समधला, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातला, शिपाई १९८५ ला भरती झाला, फिट्स येतात म्हणून १९९४ ला बोर्ड आउट झाला, म्हणजे आजारपणावरून नोकरीतून काढला गेला. अपंगत्व २० टक्के, आणि शेरा ठरलेला : लष्करी सेवेशी संबंध नाही. त्याला न्याय मिळायला एकोणीस वर्षं लागली. कोर्टाने १९८२ च्या नियमांवर बोट ठेवून सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. तसं नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. शंकेचा फायदा त्यालाच. आणि बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत.

कायदा इतका स्वच्छ झाल्यावर जुने कागद सरकारनेच बाहेर काढून तपासायला हवे होते. तसं झालं नाही. ज्याला कळलं तो सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजींच्या खटल्यांसाठीच्या कोर्टात गेला, ज्याला नाही कळलं तो घरीच बसला. कोर्टात जिंकलेल्यांविरुद्ध सरकारची पुन्हा अपिलं! मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ साली, खटले कमी करण्यासाठी त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती. अपंगत्व पेन्शनची अपिलं करत बसू नका, असं त्या समितीनेही सांगितलं होतं.

काही लोक या सवलतीचा गैरफायदा घेतात, हे मला मान्य आहे. अपंगत्व पेन्शनचे २०२३ चे नवे नियम आणताना हाच मुद्दा पुढे होता. पण मग बोर्डाने प्रत्येक माणसाची नीट तपासणी करून कारणासकट नकार लिहावा. सगळ्यांना एकच शिक्का कशाला?

मामांची केस न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात चालली. २०१९ ला निकाल आमच्या बाजूने लागला. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे अपंगत्व ३० टक्क्यांऐवजी वरच्या टप्प्यातलं, म्हणजे ५० टक्के धरलं गेलं. मामी देवापुढे साखर ठेवून रडल्या.

थकबाकी मात्र अर्ज केल्याच्या आधीची तीनच वर्षं. २००८ च्या तरसेम सिंग निकालात सुप्रीम कोर्टानेच ही मर्यादा घातली होती. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण मागचे पैसे तीन वर्षांपुरतेच. म्हणजे २००६ ते २०१४ ही आठ वर्षं गेली ती गेलीच. चूक कागद लिहिणाऱ्याची, आणि भुर्दंड इंग्रजी न वाचता येणाऱ्या माणसाला. मला हे आजही पटत नाही. बोर्डाने कारणच दिलं नसेल, तर थकबाकी पहिल्या दिवसापासून मिळायला हवी.

तुमच्या घरात निवृत्त फौजी असेल तर आज तो कागद काढा. अपंगत्वाचे टक्के २० किंवा त्याहून जास्त आहेत का आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, एवढंच बघा.

परवा मामांकडे शेजारच्या गावचे एक हवालदार आले होते, २०११ ला निवृत्त झालेले. पिशवीतून तसाच कागद निघाला, त्यावर तेच चार शब्द. अर्ज कधी केलेलाच नाही. सोमवारी त्यांना घेऊन वकिलांकडे जातोय.