नाव स्ट्रिंगमध्ये आहे म्हणून इव्हॅल कशाला?

"व्हेरिएबलचं नाव स्ट्रिंगमध्ये आलं की इव्हॅल हाच मार्ग. नाहीतर विंडोला ब्रॅकेटमध्ये नाव द्या, सगळं मिळतं. डॉट काय नि ब्रॅकेट काय, एकच." जावास्क्रिप्टच्या ग्रुपांवर फिरणारा हा फॉरवर्ड दादरच्या क्लासला जाणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत उतरलाय. आता पुरे. (स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर; ऑब्जेक्ट म्हणजे नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा संच; विंडो म्हणजे ब्राउझरमधल्या पेजचा सगळ्यात बाहेरचा ऑब्जेक्ट.)

इव्हॅल नाव शोधत नाही, दिलेला मजकूर कोड म्हणून चालवतं. समजा, तुमचं पेज स्टेशनचं नाव घेऊन लोकलचं भाडं दाखवतं. ते नाव यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हापुढून उचलून इव्हॅलला दिलंत, की लिंक बनवणारा कुणीही तुमच्या पेजवर हवा तो कोड चालवतो. लोकल स्टोरेजमधलं (ब्राउझरने त्या साइटसाठी जपून ठेवलेल्या माहितीतलं) लॉगिनचं टोकन नेतो, लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने फॉर्म पाठवतो. एमडीएन या वेब-तंत्रज्ञानाच्या संदर्भ साइटवर इव्हॅलच्या पानात 'वापरू नका' सांगणारा वेगळा विभागच आहे, तो तरी वाचा. शिवाय सर्व्हरने कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पेजवर काय चालू द्यायचं याचे ब्राउझरला दिलेले नियम) लावून स्क्रिप्टवर बंधन घातलं असेल आणि 'अनसेफ इव्हॅल'ला परवानगी दिली नसेल, तर ब्राउझर ती ओळच अडवतो. घरच्या मशीनवर चाललेलं लाइव्ह साइटवर बंद पडतं ते असं.

आणि गरज काय? सगळी भाडी एका ऑब्जेक्टमध्ये ठेवा, त्याला 'भाडे' म्हणा, आणि भाडे[स्टेशन] लिहा; 'स्टेशन' हे आलेलं नाव ठेवणारं व्हेरिएबल. झालं. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, हे अगदी असंच लिहिता येतं.

विंडोचं म्हणणं अर्धंच खरं. साध्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात बाहेर व्हारने बनवलेलं व्हेरिएबल आणि फंक्शन विंडोवर दिसतं, कबूल. पण 2015 पासून आलेल्या लेट, कॉन्स्ट आणि क्लासने बनवलेली नावं तिथे जात नाहीत, मॉड्यूलमधलं (स्वतःची नावं स्वतःपुरती ठेवणाऱ्या फाइलमधलं) तर काहीच जात नाही. एररही येत नाही, गुपचूप अनडिफाइंड, म्हणजे 'व्हॅल्यूच नाही', मिळतं.

डॉट आणि ब्रॅकेट? भाडे.दादर आणि भाडे['दादर'] एकच, एवढं मान्य. पण भाडे.स्टेशन हे 'स्टेशन' याच नावाची की (जोडीतलं नाव) शोधतं, व्हेरिएबलमधलं नाव नाही. 'मुंबई सेंट्रल'मध्ये स्पेस आहे, तिथे डॉट चालतच नाही.

ब्रॅकेटचा खरा धोका फॉरवर्डमध्ये नाहीच. बाहेरून 'कन्स्ट्रक्टर' हे नाव इंग्रजीत आलं, तर साध्या ऑब्जेक्टमधून वारशाने आलेलं फंक्शन हातात पडतं. म्हणून ते नाव ऑब्जेक्टचं स्वतःचं आहे का, हे आधी ऑब्जेक्ट डॉट हॅजओनने तपासा, मगच वाचा. बाहेरून आलेल्या नावांनी व्हॅल्यू साठवायच्याही असतील, तर सरळ मॅप (जोड्या साठवण्यासाठीच असलेला जावास्क्रिप्टचा प्रकार) घ्या आणि गेट-सेट वापरा.