त्या टकरीला मी स्टार देणार नाही

आज सकाळी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकाने डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या जपानी प्रो-रेसलिंगमधल्या कात्सुयोरी शिबाता आणि काझुचिका ओकाडाच्या मॅचमधली ती डोक्याची टक्कर टाकली. बाकी मॅच नाही, तेवढीच टक्कर, पुन्हा पुन्हा फिरणारी. खाली प्रश्न, "किती स्टार?" लगेच उत्तर आलं, "टक्कर नसती तर साडेचार. टकरीमुळे पाच." त्यावर धडाधड अंगठे. कर्वे रोडच्या सिग्नलला थांबून हे वाचलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

९ एप्रिल २०१७, टोकियो. शिबाताने मध्ये हात न घालता कपाळावर कपाळ आपटलं. रक्ताची बारीक धार त्याच्या नाकाकडे उतरली. मॅच संपवून तो आत गेला आणि कोसळला. मेंदूत रक्तस्राव, तातडीचं ऑपरेशन, ऐन भरातली कारकीर्द ठप्प. पुन्हा रिंगमध्ये उतरायला त्याला वर्षं लागली. मॅचेसना पाचपैकी स्टार देणारा अमेरिकन पत्रकार डेव्ह मेल्टझर, त्याने त्या मॅचला पाच स्टार दिले, आणि आपल्यातल्या जाणकारांना अजून ती टक्करच सगळ्यात भारी वाटते.

माझे मामा मुळशीकडच्या जत्रांमध्ये कुस्तीचे पंच असायचे. तिथेही प्रत्येक कुस्तीची किंमत ठरलेली. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर, मग चढत चढत शेवटची मोठ्या इनामाची. एका वर्षी त्या शेवटच्या कुस्तीत एकाने कलाजंग, म्हणजे खांद्यावर उचलून टाकायचा डाव, मारला आणि समोरचा पोरगा पाठीऐवजी मानेवर आला. लोक ओरडायला लागले, "निकाली करा, निकाली करा!" मामांनी कुस्ती सोडवली. मातीत गुडघे टेकून त्या पोराचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं आणि जीप येईपर्यंत कुणाला त्याच्या अंगाला हात लावू दिला नाही. मागून शिव्या पडत होत्या, इनाम लावणाऱ्यांच्याही. मामा त्या पोराशी फक्त एवढंच बोलत होते, "पायाची बोटं हलव बाळा."

"ते सगळं खोटंच असतं रे" म्हणणाऱ्यांनी एकदा रिंगच्या खाली काय असतं ते बघावं. लोखंडी तुळया, वर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. पडायचं कसं हे महिनोन् महिने शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ सपाट, मान उचललेली. निकाल आधी ठरलेला असतो, पण मणका खराच असतो. मार भयंकर दिसला पाहिजे आणि समोरचा धडधाकट घरी गेला पाहिजे, ही खरी कला. टक्कर खरीच मारली तर त्यात कसली आलीय कला?

जपानी प्रो-रेसलर मित्सुहारू मिसावा आठवा. त्याची आणि कावाडाची १९९४ ची मॅच पाच स्टारची होती, मान्य. पण त्या दशकात ते लोक एकमेकांना मानेवर आपटत होते आणि आपण स्टार मोजत होतो. १३ जून २००९ ला हिरोशिमात एका बॅक सुप्लेक्सनंतर (मागून कवेत धरून उलटं आपटण्याचा डाव) मिसावा उठलाच नाही, तिथेच गेला. वय ४६. डब्ल्यूडब्ल्यूईचा (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) ओवेन हार्ट १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत छतावरून उतरताना रिंगमध्ये पडून गेला आणि कंपनीने शो चालू ठेवला. मला तेव्हाही मामाच आठवले होते. शिव्या खात मातीत बसून राहिलेले.

मेल्टझर कुणाला मानेवर पड म्हणून सांगत नाही, हेही खरं. पैलवान स्वतःच्या मर्जीने करतात, तेही मान्य. पण पाचाच्या पट्टीवर सहा आणि मग सात स्टार पडायला लागले, की पुढच्या पोराने काय करून दाखवायचं? छोट्या गावातल्या हॉलमध्ये किरकोळ पैशांवर लढणाऱ्या पोराच्या मागे ना विमा, ना डॉक्टर. अहो, डब्ल्यूडब्ल्यूईचे पैलवानसुद्धा कागदावर नोकर नाहीत, कंत्राटदार आहेत!

थोडं सुधारलंय, तेही सांगतो. २०१० पासून डब्ल्यूडब्ल्यूईत डोक्यात खुर्ची घालणं बंद झालं. त्यामुळे मॅचेसची मजा गेली का? अजिबात नाही.

मी हे रागाने लिहायला बसलो होतो. ग्रुपवरची पोरं वाईट नाहीत, माझ्याइतकंच प्रेम आहे त्यांचं या खेळावर. म्हणूनच सांगतोय, आपण ज्याला टाळ्या वाजवतो तेच हे लोक पुढच्या वेळी करतात. मामांनी कुस्ती सोडवली तेव्हा त्या गर्दीतला एक जण जरी "बरोबर केलंत" म्हणाला असता ना, तरी त्यांना बरं वाटलं असतं.

रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, रेसलमेनिया ३ (त्याच कंपनीचा मोठा वार्षिक शो), १९८७. पंधरा मिनिटांच्या आतली मॅच, जवळजवळ प्रत्येक डाव सॅव्हेजने आधी बसवून घेतलेला. मेल्टझरने साडेचार दिले होते. माझ्याकडून पूर्ण पाच. अशा मॅचेस खाली कमेंटमध्ये लिहा, या रविवारी त्याच बघू.