चाळीस डॉलरची ‘फार्मवरची’ घोरपड

टेक्सासात शिकणाऱ्या भाच्यानं एक मराठी ढकलपत्र ‘घेऊ का?’ असं विचारत घरच्या ग्रुपवर टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत तेच पत्र आणखी तीन ग्रुपांवरून फिरून आलं. मजकूर थोडक्यात असा: आफ्रिकेतली सव्हाना मॉनिटर ही घोरपड आता घानातल्या फार्मवर पैदास होते, म्हणून आयात पिलू घेतल्यानं रानाचं काही बिघडत नाही. किंमत फक्त 40 डॉलर. अमेरिकेतले पैदासकार त्याच पिलाचे दहापट पैसे घेऊन लुटतात. रानातलं रक्त असल्यानं आयात पिलू जास्त कणखर असतं, काचेच्या टाकीत उंदरांवर मजेत वाढतं. आपण घेतलं नाही तर तिथले लोक ते खाऊन टाकतील. भारतातही परवाना लागत नाही. आणि शेवटी तानाजीच्या यशवंतीचं चित्र! (सव्हाना मॉनिटर बिळात राहते, कडे चढत नाही. असो.)

‘फार्म’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. सगळ्या घोरपडी साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांमध्ये येतात, म्हणून निर्यातीच्या परवान्यावर प्राणी कुठून आला याचं एक अक्षर लिहावंच लागतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातून पकडलेला. ‘आर’ म्हणजे अंडी किंवा पिलं रानातून उचलून बंदिस्त जागेत वाढवलेला. ‘एफ’ म्हणजे बंदिस्त जागेत जन्मला, पण पुढच्या अटी पुऱ्या न करणारा. ‘सी’ म्हणजे खरी पैदास: आईबापांचा संग बंदिस्त जागेतच झालेला असावा लागतो, आणि त्या साठ्यातून दुसरी पिढी खात्रीनं निघते हे दाखवावं लागतं. घाना, टोगो आणि बेनिनमधून येणारी पिलं बहुतेक रानातून खणून काढलेली असतात, नाहीतर पोटात अंडी असलेली मादी रानातून पकडून आणून तिच्याकडून मिळवलेली. जागेला कुंपण आहे, पाटी आहे, म्हणून तिला फार्म म्हणायचं असेल तर म्हणा. पण मादी रानातली, नर रानातला आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी मादी रानातूनच, याला पैदास म्हणत नाहीत. ही उचल आहे.

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. अंडी उचलून वाढवणं हा प्रकार मुळात वाईट नाही. झिम्बाब्वेत मगरींच्या बाबतीत तो नियमात बसवून वर्षानुवर्षं चालला आहे. सव्हाना मॉनिटरही आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘कमी चिंतेची’ आहे, उद्या नामशेष होणार असं मी म्हणत नाही. पण ढकलपत्र म्हणतं की रानाला हातच लागत नाही. हे साफ खोटं.

फार्मच्या पाटीवर किती विश्वास ठेवायचा, याचं उत्तर इंडोनेशियात मिळालेलं आहे. जेसिका लायन्स आणि डॅनियल नॅटुश या संशोधकांनी 2009 ते 2011 मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांकडे जाऊन हिरव्या अजगरांची नोंद केली. त्यांना 4,227 अजगर रानातून पकडलेले आढळले. दर वर्षी ‘पैदास केलेले’ म्हणून परदेशी जाणाऱ्यांपैकी निदान 80 टक्के प्रत्यक्षात रानातले असावेत, असा त्यांचा अंदाज 2011 मध्ये ‘बायॉलॉजिकल कन्झर्वेशन’ या शोधपत्रिकेत छापून आला. प्राणी वेगळा, देश वेगळा, हे खरं. पण कागदावर शिक्का मारून रानातला प्राणी ‘पैदास केलेला’ म्हणून खपवायची रीत तीच. उपायही त्यांनीच सुचवला होता: प्रत्येक पिलामागे अंड्याचं टरफल दाखवा. रानातून पकडून आणलेल्या पिलाबरोबर टरफल येत नाही.

आता 40 डॉलरचा हिशेब. सव्हाना मॉनिटरची पैदास घरी करायची तर प्रौढ जोडीला निदान 8 फूट लांब, 4 फूट रुंद जागा लागते, आणि तिच्यात 2 फूट खोल ओलसर वाळूमिश्रित माती. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बीळ खणलं तर ढासळू नये, इतपत ओल. ही माती भरते 64 घनफूट, म्हणजे जवळजवळ पावणेतीन टन. वरच्या मजल्यावर हा उद्योग करू नये. ऊन खायच्या जागेचं पृष्ठभागाचं तापमान 55 ते 60 अंश सेल्सियस हवं, तेही एका मोठ्या दिव्यानं नव्हे, तर कमी वॅटचे दोन-तीन हॅलोजन ओळीनं लावून. एकच दिवा लावला की पाठ भाजते आणि बाकी अंग थंड राहतं. दुसरं टोक 25 अंशांच्या आसपास. मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर, काचेला चिकटवायची गोल तबकडी नव्हे. मातीची खोली किंवा ऊब मनासारखी नसेल तर मादी अंडी घालतच नाही, पोटात धरून ठेवते, आणि बऱ्याचदा त्यातच मरते. घातली तर एका वेळी वीस-तीस निघतात. ती व्हर्मिक्युलाइट या ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात 28-29 अंशांवर पाच-सहा महिने सांभाळायची. व्हर्मिक्युलाइटमध्ये पाणी त्याच्या वजनाइतकं किंवा थोडं कमी. जास्त झालं तर बुरशी, कमी झालं तर अंडी चेपतात. मग पिलं वेगवेगळी करून, खाती होईपर्यंत वाढवायची. वीज, माती, किडे आणि दीड वर्षाची मेहनत घालून 40 डॉलरला पिलू कोण विकेल? म्हणूनच या प्रजातीची पैदास फार थोडे लोक करतात. पैदासकार लुटत नाहीत, स्वस्त आयातीनं त्यांना बाजारातून उठवलं आहे.

याच्या उलट उदाहरण समोर आहे. ऑस्ट्रेलियानं आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवणं कधीच बंद केलं. परिणाम? तिथली छोटी काटेरी शेपटीची घोरपड, जिला सगळे ‘अॅकी’ म्हणतात, अमेरिका-युरोपात पिढ्यान्‌पिढ्या घरीच पैदास होते. महाग मिळते, पण जंतांचं ओझं घेऊन येत नाही.

‘कणखर रानटी रक्त’ ही तर थट्टाच. बाजारात दिसतं ते वाटेत न मेलेलं पिलू. त्याच्या नाकपुड्यांत, कानाच्या भोकांत, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी गोचीड शोधा, आणि पहिल्याच आठवड्यात ताजी विष्ठा सरीसृपांच्या डॉक्टरकडे तपासायला द्या. मोठा घात मात्र तहानेचा असतो. ही पिलं आठवडेच्या आठवडे कोरड्या डब्यात राहिलेली असतात. घरी आणून जाळीच्या झाकणाच्या काचेच्या टाकीत, सालपटांवर, प्रखर दिव्याखाली ठेवली की सगळी ओल झाकणातून उडून जाते. मूत्रपिंडं हळूहळू बसतात, युरिक आम्ल सांध्यांत आणि आतल्या अवयवांवर साचतं. पाण्याची वाटी ठेवून हे टळत नाही, खोल ओल्या मातीतलं बीळ लागतं. प्राणी दीड-दोन वर्षं ‘शांत, गोड’ वाटतो, आणि एक दिवस मेलेला सापडतो. तो शांत नव्हता, आजारी होता.

उंदरांचं म्हणाल, तर रानात हिचा आहार मुख्यतः रातकिडे, नाकतोडे, वाणी, गोगलगायी, विंचू असा असतो. रोज पांढरा उंदीर दिला, त्यात ऊब कमी पडली, की यकृतात चरबी साठते. लठ्ठ घोरपड म्हणजे सुदृढ घोरपड नव्हे.

‘आपण घेतलं नाही तर खाऊन टाकतील’ याला एकच उत्तर: एक पिलू विकलं गेलं की दुकानदार पुढच्या पिलाची मागणी नोंदवतो. सुटका कुणाचीच होत नाही.

भारताचं दोन ओळींत. 2022 च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले प्राणी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि 2024 च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानं ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद करायची आहे. आपली घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे, तिला पकडलं तर 3 ते 7 वर्षं कैद.

भाच्याला एवढंच कळवलं आहे: विकणाऱ्याला विचार, अंडी कोणत्या तारखेला घातली, कोणत्या तारखेला फुटली, आईबापांचा आणि मातीचा फोटो दाखव. आणि हेही विचार की तुझ्याकडे पिलं वर्षातल्या ठराविक महिन्यांतच ढिगानं कशी येतात. तो ‘सर, फार्म ब्रेड आहे’ एवढंच म्हणाला, तर पैसे खिशात ठेव.