चालतंय ना? मग हात लावू नका!

भोसरीत शेड आहे, चार मशिन्स आहेत, कोपऱ्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर धडधडतोय. अशा सुखाच्या काळात कोणी ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’चं, म्हणजे बिघडण्याआधीच करायच्या देखभालीचं, नाव काढलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. धडधाकट मशीन बंद ठेवायला सांगणाऱ्याचा पायगुण चांगला नसतो.

कॉम्प्रेसरच्या टाकीखालच्या ड्रेन कॉकला, म्हणजे पाणी सोडायच्या नळाला, तर अजिबात शिवू नका. दाबलेली हवा गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साठते. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. रोज ते सोडायला दोन मिनिटं जातात. ती काय झाडाला लागलीत? टाकी आतून गंजू द्या. तांबूस पाणी लाइनमधून पुढे जाईल, सिलिंडरमधलं वंगण धुऊन नेईल, पेंटिंगच्या जॉबवर फोड आणेल. तेव्हा रंगवाल्याला फोन करून झापा.

लाइनमध्ये कुठे फुस्स ऐकू येतंय? रेडिओ मोठा करा. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरचं एक भोक जवळपास 3 किलोवॅट खातं म्हणे. खाऊ दे. दाब पुरेना झाला तर सेटिंग 1 बारनं चढवा. विजेचा खर्च 6-7 टक्के वाढेल, पण बिल भरताना बोटं मोडायला महावितरण आहेच.

चेकलिस्ट मात्र हवीच. ऑडिटच्या आदल्या रात्री एका पोराला बसवा, महिन्याभराच्या टिका एकाच पेनानं मारून घ्या. हुशार मालक दोन पेनं देतो, शाईचा रंग बदलतो. एवढंच बघा, की गुरुवारच्या रकान्यात टीक नको. भोसरीच्या सुट्टीच्या दिवशी बंद शेडमध्ये तेल कोणी तपासलं, असं ऑडिटरनं विचारलं तर पंचाईत. कारखाने अधिनियम 1948 चं कलम 31 दाबाच्या यंत्रांबद्दल होतं; 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. दोन्ही वाचू नका, उगाच झोप उडते.

आणि बेअरिंग बसलंच, तर ते डिस्पॅचच्या दिवशीच बसेल. मग ज्या मेकॅनिकचं एएमसीचं (वर्षभराच्या देखभाल कराराचं) कोटेशन ‘महाग पडतंय’ म्हणून परत पाठवलंत, त्यालाच ‘दादा, घरचंच काम आहे, लगेच या ना’ म्हणा. तो येईल. रेट तोच सांगेल.

राहता राहिली खंडेनवमी. त्या दिवशी कॉम्प्रेसर पुसा, कुंकू लावा, नारळ फोडा. झेंडूचा हार प्रेशर गेजवरून सोडा. काटा लाल पट्ट्यात गेलेला दिसत नाही, आणि फोटोही झकास येतो.