पैसे दिले की विषय संपला?

सकाळी पालघर जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या बातमीखाली कुणीतरी लिहिलेलं वाचलं, "मच्छीमारांना पैसे दिले की विषय संपला." वर लाइक्सचा पाऊस. तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझे मामा उरणजवळ शेव्याच्या खाडीत डोल, म्हणजे मासे धरायचं पिशवीसारखं जाळं, लावायचे. कुठल्या तिथीला उधाण, कधी भांग (कमी भरतीचे दिवस), सगळं तोंडपाठ. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. खाडी गेली. मामांना भरपाईचे पैसे मिळाले, हो, मिळाले ना! घर, एक लग्न आणि एक आजारपण, एवढ्यात संपले. खाडी रोज द्यायची.

बंदरामुळे उरणला पैसा आला, रस्ते आले. मान्य. २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास टीईयूची (वीस फुटी कंटेनरच्या मापात) उलाढाल झाली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण मामांचा मुलगा त्याच धक्क्यावर ठेकेदाराकडे लॅशिंगला, म्हणजे जहाजावरचे कंटेनर बांधायच्या कामाला आहे. जहाजावर चढायचं, माणसाहून लांब लोखंडी रॉड डोक्यावर उचलून कंटेनरच्या कोपऱ्यात अडकवायचा, खाली टर्नबकल पिळून आवळायचा. भर पावसात, रात्री दोन वाजतासुद्धा. जहाज लागलं तर हजेरी, नाही लागलं तर घरी बस. ज्यांच्या खाडीवर धक्का उभा राहिला, त्यांच्या पोराला रोजंदारी?

आणि मामी. ती बाजारात मासळी विकायची, उरलेली सुकवायची. खाडीबरोबर तिचाही धंदा बसला, पण नुकसानभरपाईच्या यादीत तिचं नाव कधी नव्हतंच. होडी मामांची, म्हणून नुकसानही मामांचंच. मामीनं कधी तक्रार केली नाही. हे लिहितानाही गलबलतं.

जे मिळालं तेही कुणी आपणहून दिलेलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे, संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी उरणचा शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची वाट मोकळी झाली. रक्त सांडल्यावर.

आता वाढवण. ७६ हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. पाणी खोल आहे, अजस्र जहाजं थेट धक्क्याला लागतील, हेही खरं. पण त्याच पट्ट्यातल्या खडकांच्या कपारीत शेवंड (लॉबस्टर) मिळते, तिथल्याच पाण्यावर डहाणूपासून सातपाटीपर्यंतची घरं चालतात. त्यांचा हिशेब एका चेकमध्ये कसा बसवणार?

वाढवण, वरोर, चिंचणीकडे कुणाची ओळख असेल तर एवढं पोचवा. मुलांना ठेकेदाराच्या हजेरीपटावर घेऊ नका, बंदराच्या कायम पगारावर घ्या, असं आत्ताच मागा. आणि लेखी मागा. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या, जाळी विणणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव यादीत वेगळं लावून घ्या, घरातल्या पुरुषाच्या नावाखाली नको. भराव पडायच्या आधी. नंतर कुणी दारातही उभं करत नाही.